उष्टी नळी

मास्तरांनी नळी पुढे केली आणि त्यानं ती घेतली नाही. म्हणजे हात उचलला होता, बोटं रबरापर्यंत पोचलीही होती, पण तिथंच थिजली. दोन सेकंद, फार तर तीन. तापून मऊ झालेल्या काचेला तीन सेकंद म्हणजे खूप झाले. लेथवर फिरणारा, वाफ थंड करायचा तो हातभर लांबीचा कंडेन्सर सांध्याजवळ आत बसला, मग तिरका झाला आणि चार दिवसांचं काम दोघांच्या डोळ्यांदेखत मान टाकून मोकळं झालं. मास्तरांनी ज्योत बारीक केली, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय रे बारक्या, झोप लागली का?" तो म्हणाला, "हात घसरला." हात कुठला घसरायला? हात तर हवेत तसाच होता, एखाद्याला नमस्कार करावा की नाही हे न ठरल्यासारखा. बिघडलेली काच चिमट्यानं उचलून मास्तरांनी भंगाराच्या डब्यात टाकली, आणि ती तिथं थंड होताना टिकटिक वाजत राहिली.

हा बारक्या चाळीस वर्षांचा आहे, आणि अंगानं मास्तरांच्या दीडपट. पण एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात आला तेव्हा चिकटलेलं नाव सुटेल कसं? कारखाना तरी कसला, दोन लांबट खोल्या. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं तिथं हातानं बनतात. काच मऊ असेपर्यंत तिच्या पोटात हळूहळू हवा भरत राहावी लागते, नाहीतर ती आपल्याच वजनानं मिटते. त्यासाठी रबराची लांब नळी. तिचं एक टोक काचेत, दुसरं कारागिराच्या तोंडात, आणि तोंडातल्या टोकाला एक लाकडी बोंड. त्याला सगळे चोखणी म्हणायचे. इतर कारखान्यांत ज्याची त्याची चोखणी वेगळी असते. इथं एकच होती, कारण मास्तरांचं एक फुफ्फुस तरुणपणीच जवळजवळ निकामी झालेलं, मोठ्या सांध्याला त्यांचा श्वास पुरायचा नाही. मग सुरुवात मास्तरांनी करायची, त्यांनी भुवई उचलली की नळी त्यांच्या तोंडातून निघून थेट याच्या तोंडात यायची, आणि काचेला कळायचंही नाही की फुंकणारा माणूस बदलला. मध्ये पुसायला वेळच नसायचा. एकवीस वर्षं त्यानं मास्तरांच्या उष्ट्या नळीनं फुंकलं होतं, आणि त्या लाकडाला मास्तरांच्या तोंडाची ऊब असते हेही त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आज ते ध्यानात आलं. त्या लाकडाकडे बघताना त्याला वाटलं, आता माझ्या तोंडातलं या लाकडाला लागणार, आणि पुढच्या सांध्याला ते मास्तरांच्या तोंडात जाणार.

त्याच्या तोंडात काय होतं? खरं तर काहीच नव्हतं. ओठाच्या आतल्या बाजूला एक गुळगुळीत जागा होती, जीभ फिरवली की लागायची. अकरा दिवसांपूर्वी तिथं फोड होता. दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेच्या सामानाचं प्रदर्शन होतं, मास्तरांनी याला धाडलं होतं, आणि पहिल्याच दिवशी लोकांना करून दाखवताना चुकून गरम काच ओठाला टेकली. शेजारच्या टेबलावर रबराची बुचं विकणारा माणूस होता. त्यानं धावत जाऊन बर्फ आणला. हसरा, थोडा टकला, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय असलेला. "तुमच्या बाटल्या आणि माझी बुचं," तो म्हणाला, "जमेल आपलं." असल्या फुसक्या विनोदाला हा इतका हसला की फोड फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं बुचवाल्याच्या खोलीवर गेले. पलंगावर नमुन्यांच्या पिशव्या होत्या, त्या बाजूला सारल्या, तेव्हा बुचं जमिनीवर सांडून सगळ्या खोलीभर उड्या मारत गेली. मग जे झालं ते यानं केलं. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं, तो स्वतः गुडघ्यांवर बसला होता. एक बूच गुडघ्याखाली आलं होतं आणि ते बाजूला करायचंही त्याला सुचलं नाही. एवढं त्याला हवं होतं. वीस वर्षांत दोनदा की तीनदा असं झालं असेल, पण प्रत्येक वेळी अंधारात, घाईनं, आणि नंतर स्वतःला बजावून, की हा मी नव्हे. या वेळी भर दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि तो तोच होता.

आनंदाचा तो एक तास परतीच्या गाडीतच नासला. तोंडात काहीतरी खारट चव आहे असं वाटलं, आणि ओठाची जखम आठवली. बस, मग काय विचारता! घरी पोचेपर्यंत हा मनानं दहा वर्षं पुढं जाऊन मेलेला होता. मोबाईल तिरका धरून, अंगठ्यानं अर्धा झाकून त्यानं वाचायला सुरुवात केली. एके ठिकाणी लिहिलेलं, तोंडावाटे एचआयव्ही होण्याची शक्यता नगण्य. नगण्य म्हणजे किती? दुसरीकडे होतं, जखम असेल तर सांगता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी याच्याचसारखं विचारलं होतं आणि खाली कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाचं काय झालं असेल याची त्याला दोन दिवस काळजी वाटत राहिली. घसा दुखला तर ते लक्षण, नाही दुखला तर लक्षणं उशिरा दिसतात म्हणून लक्षण. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करकरून त्यानं तोंड आंबवून घेतलं. बुचवाल्याचं कार्ड खिशात होतं. एक फोन करून विचारता आलं असतं, बाबा रे, तू कधी तपासणी केली आहेस का? पण असं विचारणं म्हणजे त्या उन्हातल्या माणसाच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. आणि विचारलं नाही तर? तर हे असं. आई रोज स्वयंपाक करताना हाक मारायची, "मीठ बघ रे जरा," कारण तिची चव गेली होती. तो पळीला तोंड लावून सांगायचा, मग तीच पळी ती खात्रीसाठी स्वतःच्या जिभेला लावायची. आता तो वेगळा चमचा घ्यायला लागला. आई म्हणाली, "मी परकी झाले का तुला?" ती हसत म्हणाली होती. त्याला मात्र ताटावरून उठून जावंसं वाटलं.

कंडेन्सर मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो लवकर कारखान्यात गेला आणि मास्तर यायच्या आत त्यानं काचेचा एक तीनतोंडी जोड बनवला. एका तोंडाला कामाकडे जाणारी नळी, दुसऱ्याला मास्तरांची जुनी चोखणी, तिसऱ्याला एक नवीकोरी, त्याची स्वतःची. जोड देखणा झाला होता. काम असं सुरेख आणि कारण असं घाणेरडं, हे त्याचं त्यालाच खुपलं. मास्तर आले, त्यांनी तो जोड उचलून उजेडात धरला, सांधा पाहिला. "छान झालाय," म्हणाले. मग नवी चोखणी त्यांच्या नजरेला पडली. पॅकिंगच्या बाई भुशात बाटल्या बसवत होत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, "अगंबाई, हे सोवळं कधीपासून?" मास्तरांनी जोड अलगद खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं आहे. सोईचं आहे." त्या दिवसापासून ते कामापुरतं बोलायला लागले. काही दिवसांनी त्यांनी घरून एक स्टीलचा पेला आणला. कारखान्यातल्या पेल्यांत तो ठेवत नसत, खिडकीत ठेवायचे, एकटा.

त्या खिडकीतल्या पेल्याचा अर्थ याला कळायला हवा होता. मास्तरांनी स्वतः कधीतरी सांगितलेलं होतं, ऐन बाविशीत क्षय झाला तेव्हा भावाच्या घरात त्यांचं ताट-पेला खिडकीत ठेवत. वर्षभर औषध घेऊन बरे झाले, डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी ताट खिडकीतच राहिलं. भावजय अन्न वरून वाढायची, हात लागू नये म्हणून. "तू पहिल्या दिवशी नळी घेतलीस ना," मास्तर म्हणाले होते, "मी मुद्दाम बघत होतो पुसतोस का. तू नाही पुसलीस. म्हटलं, हा राहील." हे सगळं त्याला पाठ होतं. पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही, स्वतःच्या जिभेखाली काय आहे तेवढंच दिसतं. मास्तर अलीकडे खोकतात, हेही त्यानं फक्त ऐकलं होतं, जोडून पाहिलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण मास्तरांना जपतो आहोत. कुणाला न सांगता, मोठ्या मनानं.

तपासणीचं केंद्र सार्वजनिक इस्पितळात पहिल्या मजल्यावर होतं. प्रदर्शनातल्या त्या दुपारनंतर विसाव्या दिवशी तो तिथवर गेला. दारावरची पाटी इतक्या ठळक अक्षरांत कशाला लिहायची? बाकावर दोन माणसं बसली होती, आणि त्यांतलं एक त्याच्याकडे बघत होतं. तो चालत राहिला आणि पुढच्या दाराच्या रांगेत उभा राहिला. ती रांग डोळ्यांची होती. सुटता आलं असतं, पण मागं आणखी चारजण येऊन लागले आणि रांगेतून निघणं म्हणजे कशासाठी आलो होतो ते जाहीर करणं, असं त्याला वाटलं. तासाभरानं एका बाईंनी त्याच्या डोळ्यांत बत्ती मारली, अक्षरं वाचायला लावली, आणि म्हणाल्या, "जवळचं दिसत नाही तुम्हाला. किती दिवस काढलेत असे?" तो नंबर घेऊन, खालच्या दुकानातून वाचायचा चष्मा करून घरी आला. एचआयव्हीची तपासणी करायला गेलेला माणूस चष्मा लावून परत येतो! हे कुणाला सांगता आलं असतं तर तो पोट धरून हसला असता. आईनं विचारलं, "अरे वा, चष्मा?" त्यानं मान हलवली. ती म्हणाली, "म्हातारा झालास लग्नाशिवाय."

तेविसाव्या दिवशी मास्तर दुपारी उशिरा आले. येताना हातात एक मोठं पाकीट होतं. पॅकिंगच्या बाई जेवायला गेल्या होत्या. मास्तरांनी ते त्याच्या टेबलावर ठेवलं, वर काच ठेवली, कागद उडू नये म्हणून.

"बघ."

"काय आहे?"

"छातीचा फोटो काढला. थुंकीही दिली, दोन दिवस. काही नाहीये. जुना डाग आहे तेवढा, तो पंचेचाळीस वर्षांचा झाला, तो आता कुठं जातोय. पण चालू असं काही नाही. खोकला आहे तो नुसता खोकला आहे." साहेबापुढं सांगावं तसं ते उभ्यानं सांगत होते. "तुला भीती वाटली त्यात तुझी चूक नाही. घरी म्हातारी आई आहे तुझी. फक्त तोंडानं सांगायचंस रे. मी लगेच गेलो असतो."

"तसं नाही मास्तर."

"मग कसं?"

पाकिटातून फोटोचा काळा कोपरा बाहेर आला होता, आणि त्यावर बरगड्यांची पांढरट टोकं. सदुसष्ट वर्षांचा माणूस याच्यापायी दोन सकाळी उठून डबीत थुंकला होता, रांगेत उभा राहिला होता, शर्ट काढून थंड पत्र्याला छाती टेकून उभा राहिला होता. आणि ज्यानं जायला हवं होतं तो चष्मा लावून बसला होता. आजवर त्याला बुचवाल्याच्या खोलीची लाज वाटत होती. ती काहीच नव्हती. ही लाज कानांत वाजत होती, आणि तिच्यापुढं मरणाची भीतीसुद्धा फालतू वाटत होती. मास्तर खिडकीतला पेला घेऊन पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात न जाता थेट पहिल्या मजल्यावर गेला आणि ठळक पाटीच्या दारातून आत शिरला. आतल्या बाईंना सर्दी झाली होती. त्या पत्ता विचारावा तशा सुरात विचारत होत्या आणि मध्ये मध्ये नाक पुसत होत्या.

"संबंध कधी आला?"

"चोवीस दिवस झाले."

"कशा प्रकारचा?" त्यानं ओठाला बोट लावलं. "तोंडानं?" त्यानं मान हलवली. "तुम्ही, की त्यांनी?"

"मी."

"समोर बाई होती की पुरुष?"

"पुरुष."

"तोंडात जखम?"

"भाजलं होतं. फोड फुटलेला."

त्या लिहीत राहिल्या. छप्पर कोसळलं नाही. मग त्यांनी पेन ठेवलं आणि सांगितलं, की यातून लागण होण्याची शक्यता फार कमी असते, जखम धरूनसुद्धा कमीच. पण आला आहात तर रक्त देऊन टाका. आज काही नाही निघालं तरी आजचं शेवटचं समजायचं नाही, सहा आठवडे झाले की पुन्हा यायचं आणि तीन महिने झाल्यावर एकदा, म्हणजे विषय संपला. "पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर गोळ्यांचं डॉक्टरांना विचारता आलं असतं. तुम्हाला बहुतेक दिल्या नसत्या, पण निदान हे चोवीस दिवस असे काढायला लागले नसते." त्यानं विचारलं, "आणि उष्टं? म्हणजे... आम्ही दोघं एका नळीनं फुंकतो." बाईंना काही उलगडेना. त्यानं काच, लेथ, श्वास, चोखणी सगळं हातवारे करून समजावलं, आणि समजावताना तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज सरळ निघाला. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "थुंकीतून हा आजार जात नाही," त्या म्हणाल्या. "एका ताटात जेवा, एका नळीनं फुंका. काही होत नाही." म्हणजे तो जोड, ती नवी चोखणी, घरचा तो वेगळा चमचा, सगळंच फुकट होतं. कुणालाच वाचवलं नव्हतं त्यानं, नुसतं दुखवलं होतं. बोटाला सुई टोचली तेव्हा त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं कागद मिळाला. आजपुरतं काही नव्हतं.

कारखान्यात लेथवर नवा कंडेन्सर बसवून ठेवलेला होता, आणि मास्तर त्याची वाट बघत स्टुलावर बसले होते. त्यानं कागद त्यांच्यापुढं धरला. मास्तरांनी तो हातभर लांब नेला, मग जवळ आणला. "चष्मा घरी राहिला रे." त्यानं खिशातून स्वतःचा काढून दिला. मास्तरांनी आधी तो चष्माच न्याहाळला. "हा कधी लागला तुला?" "चार दिवस झाले." मग त्यांनी तो नाकावर चढवला आणि वाचायला लागले, ओठ हलवत. त्या दोन ओळींना त्यांना इतका वेळ लागला की याला वाटलं, कागद काढून घ्यावा आणि पळून जावं.

"पुढची तारीख?" मास्तरांनी विचारलं.

"अठरा दिवसांनी. मग तीन महिन्यांनी. पुरुष होता, मास्तर."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग." मास्तरांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांना काय वाटलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुला माझी किळस आली."

"नाही हो, तुमची कशाला..."

"हं. म्हणजे स्वतःची आली." ते उठले. "ती जास्त वाईट. दुसऱ्यांनी माझं ताट खिडकीत ठेवलं ते मी विसरलो. पण नंतर कितीतरी वर्षं, कुणी पंगतीत बोलावलं तरी, मीच माझं ताट लांब घेऊन बसायचो." भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामं पोचवायच्या तारखा लिहिलेल्या असत. मास्तरांनी बोटानं अठरा घरं मोजली आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'कारखाना बंद.' तेवढ्यात पॅकिंगच्या बाई आल्या. "का हो, काय आहे त्या दिवशी?" "काम आहे आम्हाला," मास्तर म्हणाले. "दोघांना. रांग फार असते म्हणतात तिथं." मग त्यांनी तीनतोंडी जोड काढून खणात ठेवला, आणि जुनी नळी सरळ लेथला लावली.

ज्योत मोठी झाली. काच आधी नारिंगी आणि मग पांढुरकी होत गेली. मास्तरांचे गाल किंचित फुगले, छातीतून ती ओळखीची शिटी आली, आणि भुवई वर गेली. या वेळी त्यानं नळी घेतली. लाकूड ओलं आणि कोमट होतं. लाज गेली नव्हती, ती तिथंच होती, तोंडात चोखणी धरून तो फुंकत होता आणि ती त्याच्याबरोबर श्वास घेत होती; पण काच उभी राहत होती. सांधा भरला, गोल झाला, फिरत राहिला. आता पलीकडचा सांधा. तो नेहमी मास्तर सुरू करत, म्हणून त्यांनी नळीसाठी हात पुढं केला. त्यानं ती तोंडातून काढली, आणि हात आपोआप शर्टाच्या टोकाकडे गेला, पुसायला.

"काच थांबणार आहे का तुझ्यासाठी?" मास्तर खेकसले, आणि चोखणी त्याच्या हातातून तशीच ओढून घेऊन त्यांनी तोंडात धरली.